ड्रममध्ये मटण स्मोक करायचंय: नागपुरात स्वस्त लाकूड कुठून आणावं, कसं वाळवावं?

मानेवाड्याचा_ड्रमवाला

राम राम मंडळी. प्रश्न थोडा लांबलचक आहे, पण आधी काय काय करून बसलो ते सांगितल्याशिवाय उत्तर नीट मिळणार नाही.

माझा मेहुणा हिंगण्याच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करतो. दिवाळीत त्यानं कबाडीतून २०० लिटरचा लोखंडी ड्रम आणला आणि मला स्मोकर करून दिला. खाली कोळशाची टोपली, वर मटणाची जाळी, बुडाशी हवेची तीन भोकं, झाकणाला थर्मामीटर आणि धुराचं नळकांडं. ड्रममध्ये आधी खायचं तेल होतं, तरी दोनदा आत जाळ करून सगळा रंग खरवडून काढला. ड्रम एकदम टकाटक आहे. अडचण लाकडाची आहे.

सुरुवातीला ऑनलाइन हिकरीच्या (अमेरिकेतलं धुरासाठीचं लाकूड) ढलप्या मागवल्या. एक किलोचं पाकीट, ८५० रुपये. तीन रविवारांत संपलं. मटण ७५० रुपये किलो आणि लाकूड ८५०! बायकोनं हिशोब लिहून फ्रिजवर चिकटवला आहे, त्यामुळे तो मार्ग बंद.

मग आमच्या इकडच्या एका टालीवर गेलो. (पुण्याकडचे मित्र वखार म्हणतात, तीच.) त्यानं आंब्याचं म्हणून १० किलो लाकूड १२ रुपये भावानं दिलं. घरी आणून कुऱ्हाडीनं फोडलं, कोंबडीच्या तंगड्यांना सावजी मसाला चोळला, कोळसा लाल झाल्यावर वर चार तुकडे टाकले. पाच मिनिटांत असा धूर निघाला की शेजारचे काका गच्चीवरून विचारायला लागले, काय जळून राहिलं बे? दाट, पांढरा, पिवळट. मी खूश. दोन तासांनी तंगड्या काढल्या तर वरून डांबर फासल्यासारख्या काळ्या. जीभ बधिर झाली. आईनं एक घास खाल्ला, ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "ओल्या लाकडाच्या चुलीवर दूध तापवलं की असंच लागायचं."

तर विचारायचं आहे हे. नागपुरात कोणतं लाकूड चालतं आणि ते रास्त भावात कुठे मिळतं? टालवाला जे नाव सांगतो त्यावर भरवसा ठेवावा का? वाळायला किती दिवस लागतात? परदेशी व्हिडिओत सहा महिने ते वर्षभर सांगतात, माझ्याकडे मृगापर्यंत जेमतेम दोन महिने आहेत. आणि टाकण्याआधी पाण्यात भिजवायचं की नाही? अर्धे लोक हो म्हणतात, अर्धे नाही.

तर्री_मार_के

भाऊ, एवढा कुटाणा काहून? मटण शिजवा, मधोमध वाटी ठेवा, वाटीत पेटता कोळसा, वर चमचाभर तूप, झाकण लावा. पाच मिनिटांत धुंगार. ड्रम विकून टाका, मेहुण्याला पार्टी द्या.

मानेवाड्याचा_ड्रमवाला

तर्रीभाऊ, धुंगार घरी होतोच, दाल-तडक्यालाही देतो. पण ती तुपाच्या धुराची चव झाली. मला लाकडाची पाहिजे. ड्रम विकला तर मेहुणा बोलणार नाही, आणि बायको मेहुण्याचीच बहीण आहे.

काटोलकर

मानेवाडा भाऊ, तुमच्या आईनं एका घासात निदान केलं. आंब्याला दोष देऊ नका. दोष पाण्याचा आहे.

ताज्या लाकडात वजनाच्या तिसऱ्या हिश्शापासून अर्ध्यापर्यंत पाणीच असते. असा तुकडा कोळशावर पडला की आधी सगळी आच ते पाणी उडवण्यात जाते. लाकूड धड जळत नाही, नुसतं कुथत राहते. त्या कुथण्यातून जो दाट पांढरा धूर येतो त्यात डांबरासारखा चिकटा असतो, तो थंड मटणावर जाऊन बसतो. जीभ बधिर झाली ती त्यानंच. चांगला धूर फारसा दिसतच नाही. नळकांड्याच्या तोंडाशी निळसर रेघ हलताना दिसली पाहिजे, तीही मागं काळं काही असेल तर. शेजारच्या काकांना कळलं म्हणजे तुमचं चुकलं, एवढं साधं माप ठेवा.

आता लाकूड. मी नोकरीनं नागपुरात आहे, पण वडिलांची काटोलकडे तीन एकर संत्र्याची बाग आहे आणि मी सहा वर्षांपासून असाच ड्रम वापरून राहिलो. या सहा वर्षांत लाकूड विकत घेतलं नाही. नागपूरच्या संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण संत्र्याच्या लाकडाला कोणी कुत्रं विचारत नाही. तोडा झाला की बागेत सल काढतात, म्हणजे झाडावर वाळलेल्या फांद्या छाटून टाकतात. आंबिया बहाराचा माल डिसेंबरपर्यंत निघतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्यामुळे आत्ता एप्रिलमध्ये काटोल, कळमेश्वर, नरखेड कुठल्याही रस्त्यानं जा, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सलेचे ढीग पडलेले दिसतील. शेतकरी ते पेटवूनच देतो. गाडी थांबवा, विचारा. चहा पाजून देईल तो. मजुराच्या हातावर शंभर-दोनशे ठेवा, पोतं भरून गाडीत टाकून देईल.

सल बोटापासून मनगटाएवढी असते. करंगळीएवढ्या काड्या सोडून द्या, त्या भुर्रकन जळतात. पाणसोट छाटलेले असतात तेही घेऊ नका, कोवळे, हिरवे, नुसतं पाणी. मनगटाएवढ्या आणि त्याहून जाड फांद्या पाहा. जाड माल हवा असेल तर डिंक्या (बुंध्यातून डिंक गळायचा रोग) लागून गेलेलं जुनं झाड कोणी उपटलं का ते विचारा. डिंक्यानं आमचीच चाळीसेक झाडं गेली, त्यामुळे लाकडाचा मला तोटा नाही. असा तोटा नसलेला बरा नव्हे, पण असो.

इथं एक गोष्ट नीट ऐका, कारण मी ती बकऱ्याची एक रान, म्हणजे अख्खी मांडी, वाया घालवून शिकलो.

पहिल्याच वर्षी मी उपटलेल्या झाडाचा बुंधा कापून आणला. जाडजूड, कोरडा, पिवळाधमक गाभा, पाहूनच मन भरलं. दीड किलोची बकऱ्याची रान जाळीवर, खाली बुंध्याचे तुकडे. अर्ध्या तासानं हवेच्या भोकातून वाकून पाहतो तर ज्वाळेच्या कडेला हिरवी-निळी झाक. आधी वाटलं डोळ्याला ऊन लागलं. मग तुकडा चिमट्यानं बाहेर काढला आणि सालीच्या खाचांत फिक्या निळ्या रंगाचा पापुद्रा दिसला. बोर्डो पेस्ट! एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर मी स्वतः लहानपणापासून त्या बुंध्यांना फासत आलो, आणि तोच बुंधा मटणाखाली पेटवला. मोरचूद म्हणजे तांबं, तांब्यानं ज्वाळ हिरवी होते हे दहावीच्या प्रयोगशाळेत पाहिलेलं. रान उचलून फेकली. कुत्र्यालाही दिली नाही. बाबांना आजवर सांगितलं नाही.

म्हणून, बुंध्याचा जमिनीपासून कमरेपर्यंतचा भाग कधीच घ्यायचा नाही. तसाही खालचा खुंट संत्र्याचा नसतो, जंबेरी नावाच्या रानटी लिंबाचा असतो, त्याच्यावर कलम चढवलेलं. वरच्या फांद्या घ्या आणि त्याही साल सोलून. बागेवर फवारे होतात, शेवटचा कधी झाला ते मालकाला विचारा, नुकताच झाला असेल तर दुसरी बाग पाहा. मी सालीसकट तुकडा ड्रममध्ये जाऊच देत नाही. वाळलेल्या फांदीची साल कोयत्याच्या पाठीनं ठोकली की सुटते, ओल्याची सोलाण्यासारखी निघते, मधल्या अवस्थेतली मात्र जीव घेते.

याच कारणानं पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, वापरू नका. वांग्याच्या भरताला आमच्या आजीच्या काळी पऱ्हाटी आणि तुराट्याच पेटायच्या, मला माहीत आहे, कोणीतरी आठवण काढेलच. पण आता कपाशीवर किती फवारे बसतात ते गावातल्या माणसाला सांगायला नको.

वाळवणं. परदेशी व्हिडिओतले सहा महिने आणि वर्ष विसरा. ते लोक हातभर लांबीच्या फोडी रचून ठेवतात आणि त्यांच्याकडं नागपूरचा मे महिना नाही. लाकूड जास्त करून कापलेल्या तोंडांतून वाळते, त्यामुळे आधी लहान करा, मग वाळवा. करवतीनं मुठीएवढे ठोकळे पाडा. चेन सॉवाल्याकडून कापून घेऊ नका, त्याच्या साखळीचं वंगण लाकडात उतरते. गच्चीवर विटांवर जुनी लोखंडी जाळी किंवा खाटेची नवार काढलेली चौकट ठेवा, खालून वारा फिरला पाहिजे, आणि एकमेकांना न चिकटवता पसरा.

वाळलं की नाही ते डोळ्यानं कळत नाही. तडे गेले म्हणजे वाळलं असं लोक सांगतात, आमच्या उन्हात चौथ्या दिवशीच तडे जातात आणि आत पाणी तसंच असते. मी काय करतो, तीन ठोकळ्यांवर पेन्सिलीनं आकडा टाकतो आणि स्वयंपाकघरातल्या तराजूवर तोलतो. गेल्या मे महिन्यातला एक नंबरचा ठोकळा, नुकत्या उपटलेल्या झाडाचा, वहीतून उतरवून देतो: पहिल्या दिवशी ६१२ ग्रॅम, चौथ्या ५४०, आठव्या ४७८, चौदाव्या ४३१, एकोणिसाव्या ४१८, बाविसाव्या ४१६. नंतर तीन दिवस ४१६ च. वजन उतरायचं थांबलं की वाळलं. जवळपास २०० ग्रॅम पाणी उडालं, वजनाचा एक तृतीयांश. दोन ठोकळे एकमेकांवर आपटले तर टण्ण वाजतात, ओले असले तर बद्द. सलेचे तुकडे आधीच वाळलेले असतात, ते आठ-दहा दिवसांत तयार होतात. मृगाच्या आधी तुमचं दोनदा वाळून होईल.

उलट इथं दुसरीच पंचाईत होते. पुस्तकी हिशोब २० टक्क्यांच्या खाली ओल पाहिजे असा आहे, आमच्या मे महिन्यात ती त्याच्याही फार खाली जाते. इतकं कोरडं लाकूड धुमसायच्या ऐवजी भडकते. म्हणून ढलप्या पाडू नका, ठोकळेच ठेवा, आणि ते कोळशाच्या वर ठेवायचे नाहीत. टोपलीत न पेटलेल्या कोळशात तीन-चार ठोकळे अंतराअंतरानं पुरा, एका बाजूनं पेटता कोळसा सोडा. आग जशी सरकेल तसा एकेक ठोकळा लागत जाईल. हवेची भोकं एक उघडं, दोन बंद. थर्मामीटर ११० ते १२० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिला की खुर्ची टाकून बसा.

भिजवणं म्हणजे वेळेचा नास. रात्रभर भिजवलेला ठोकळा मधोमध चिरून पाहा, ओल वरच्या दोन-तीन मिलिमीटरपर्यंतच गेलेली असते. आच लागली की ती वाफ होऊन जाते, तेवढा वेळ धूर लांबतो, बस. बावीस दिवस उन्हात तापून वजन करायचं आणि मग बादलीत बुडवायचं, हा कुठला न्याय?

बकऱ्याच्या मटणाला चरबी कमी. दोन तास धूर दिला की पुरे, मग मी ते पळसाच्या पानांत गुंडाळून वरून फॉइल लावतो आणि आतलं तापमान ९० च्या वर जाईपर्यंत ड्रममध्येच ठेवतो. पानाचा वास लागतो की मनाचे खेळ, माहीत नाही, पण उघडताना पोट्टे गोळा होतात. कोंबडीला हे काही लागत नाही, हाडाजवळ ७४ झालं की काढा.

लकडगंजचा_मिस्त्री

काटोलकर भाऊनं बागेचं सांगितलं, मी बाजाराचं सांगतो. तीस वर्षं लाकडात गेली माझी.

आरा मशीनवरून भुसा आणू नका. फुकट मिळतो म्हणून लोक पोती भरून नेतात. सकाळी साग कापला, दुपारी निलगिरी, संध्याकाळी बाहेरून आलेलं पाइन, सगळ्याचा भुसा त्याच खड्ड्यात. मालकालाही सांगता येणार नाही काय आहे ते. सागात तेल, निलगिरीत तेल, पाइनमध्ये राळ, तिन्ही खाण्याच्या कामाचे नाहीत. फर्निचरच्या कारखान्यातले तुकडे दिसायला चकाचक असतात, त्यात प्लाय आणि एमडीएफ निघते, म्हणजे गोंद आणि रसायन. पॉलिश मारलेलं, रंगवलेलं, वाळवीचं औषध मारलेलं जुनं दार-चौकट, काही नाही. मालाच्या पॅलेटवर शिक्का असतो, त्यात एमबी लिहिलं असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, विष आहे ते. एचटी म्हणजे नुसतं तापवलेलं, पण तेही बहुतेक पाइनच, आणि त्याच्यावर काय काय सांडलं ते देव जाणे.

टालवाल्याच्या नावावर जाऊ नका, लाकूड ओळखा. टालीवर गेलात तर बाभूळ मागा. साल काळपट, उभ्या खोल भेगा, आतला गाभा लालसर तपकिरी, हाताला जड. गाडीची चाकं आणि नांगर याच्याच व्हायच्या, तेव्हा कठीणपणाबद्दल विचारायलाच नको. चिंचही चांगली, गाभा जांभळट काळा, कुऱ्हाड उसळते. खाटकाकडचा मटण तोडायचा ठोकळा पाहिला ना, तो चिंचेचाच असतो. आंबा फिकट, हलका, चटकन फुटतो. टालवाल्यानं आंबा म्हणून दिलेलं हाताला लोखंडासारखं जड लागलं तर समजा दुसरंच काही आहे. उचलून पाहा, तासून गाभा पाहा, मग पैसे द्या. खाली पिवळं पीठ सांडत असेल तर भुंगेऱ्यानं खाल्लेलं आहे, तसं घेऊ नका, घरचं फर्निचर पण जाईल.

अजून एक. विलायती बाभूळ, काहीजण वेडी बाभूळ म्हणतात, शेताच्या पडीक कडेला माजलेली असते. अमेरिकेतले लोक मेस्कीट म्हणून ज्याच्यावर बैलाचं मांस भाजतात ते झाड हिच्याच कुळातलं. धूर कडक आहे तिचा, एक ठोकळा बस, चार टाकाल तर पुन्हा आईकडून ऐकाल.

आणि कोळसा घेताना डोळे उघडे ठेवा. आपल्या भागात खाणी, त्यामुळे दगडी कोळसा कुठेही मिळतो आणि लाकडी कोळशाच्या पोत्यातही कधी कधी चार ढेकळं निघतात. दगडी जड, चकचकीत आणि पेटला की गंधकाचा वास. लाकडी हलका, तोडला की आत लाकडाच्या रेषा दिसतात. दगडीवर मटण करायचं नाही.

त्रिमूर्तीनगरची_सून

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, ड्रम ठेवायला जागा नाही, म्हणून माझं वेगळं. जुन्या लोखंडी कढईत फॉइल अंथरायचं, त्यावर मूठभर ढलप्या, वर स्टीलची चाळणी उलटी ठेवून त्यात अर्धवट शिजवलेलं चिकन, घट्ट झाकण. मध्यम आचेवर वीस मिनिटं, खिडक्या उघड्या आणि चिमणी चालू. कोळसा मात्र घरात पेटवत नाही, बंद जागेत तो जिवावर बेततो. ढलप्या पेरूच्या. सासऱ्यांच्या घरी वाडीला अंगणात पेरू आहे, दर वर्षी छाटतात, तेवढं वर्षभर पुरतं. पेरूचा धूर सौम्य आणि किंचित गोडसर, मासे आणि पनीर दोन्हीला चालतो. पनीरवर विश्वास बसणार नाही, पण करून पाहा.

एक सांगायचं राहिलं सगळ्यांचं. ओळख नसलेलं लाकूड कधीच पेटवू नका. माझ्या मावशीकडे गडचिरोलीला सरपणात बिब्ब्याची फांदी गेली होती. चुलीसमोर बसलेली मावशी, दुसऱ्या दिवशी तोंड असं उतलं की डोळे उघडेनात. बिब्बा अंगावर उततो हे आपल्याकडे पोराटोरांना माहीत असतं, पण धुरानंही उततो हे त्या दिवशी कळलं. आंबा आणि काजू त्याच घराण्यातले, म्हणून आंब्याचं लाकूड मी चीक पूर्ण वाळल्याशिवाय आणि साल काढल्याशिवाय घेत नाही. कण्हेर तर विषारीच. कडुनिंब विषाचा नसला तरी धूर कडू, तो डास पळवायलाच ठेवा.

आणि शहरात कुणाच्याही अंगणातली झाडं कापायचा विचार असेल तर थांबा, आपल्या मालकीचं झाड असलं तरी महापालिकेची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे. वावधानात पडलेल्या फांद्या विचारून उचला, त्यालाच सगळे खूश होतात.

तर्री_मार_के

पनीर स्मोक करणारी माणसं नागपुरात आहेत हे वाचून मी आज जेवणार नाही.

मानेवाड्याचा_ड्रमवाला

मंडळी, पाच आठवड्यांनी येऊन राहिलो, उशीर झाला.

काटोल रोडनं गेलो. दुसऱ्याच बागेत एका काकांनी दोन पोती सल दिली, पैसे घेतले नाहीत, उलट वर दीड डझन संत्री. शेवटचा फवारा महिन्यापूर्वी झाला म्हणाले, तरी साल सोलली. सोलण्यात दोन रविवार गेले आणि कोयत्यानं एक नख. बुंधा त्यांनी आग्रहानं देऊ केला होता, मी नको म्हटलं आणि कारण सांगितलं, तर ते हसायला लागले: "आमच्या पोरानं पण मागच्या वर्षी तेच केलं."

टालीवरचं उरलेलं आंब्याचंही टाकलं नाही, साल काढून ठोकळे केले. एक नंबर ५२० वरून ३७१ वर येऊन थांबला. म्हणजे १२ रुपये भावानं मी दर किलोमागं जवळपास ३०० ग्रॅम पाणी विकत घेत होतो. तराजू गच्चीवर असल्यामुळे घरात पोळ्यांची कणीक अंदाजानं मळली जाऊन राहिली आहे, ते वेगळं.

गेल्या रविवारी रान केली. संत्र्याचे तीन ठोकळे, बाभळीचा एक, कोळशात पुरून. धूर दिसेना म्हणून मी दोनदा झाकण उघडायला गेलो, मग काटोलकरांचा मजकूर आठवून गप्प बसलो. नळकांड्यामागं काळी ताडपत्री धरली तेव्हा कुठे ती निळी रेघ दिसली. पळसाची पानं बर्डीवर पत्रावळीवाल्याकडून आणली. साडेपाच तास लागले. कापल्यावर आत कडेनं गुलाबी पट्टा होता, बायकोला वाटलं कच्चं आहे, परत गॅसवर ठेवायला निघाली होती. आईनं ताट बाजूला सारलं नाही. तिनं फक्त विचारलं की उरलेल्या आचेवर भरताची वांगी का नाही टाकली, एवढी आग वाया घालवली.

आता दोन गोष्टी सांगा. तो गुलाबी पट्टा खरंच शिजलेलाच असतो ना? आणि माझ्याकडे २५ किलो तरी वाळलेले ठोकळे आहेत, पावसाळ्यात ठेवू कुठे? घरात पलंगाखाली ठेवायला परवानगी नाही.

काटोलकर

पट्टा शिजलेलाच आहे. धुरातला नायट्रिक ऑक्साइड मटणातल्या लाल रंगद्रव्याला धरून बसतो, त्यामुळे कितीही शिजलं तरी कडेची गुलाबी जात नाही. आत ९० झालं होतं ना? मग वहिनींना सांगा, निश्चिंत खा.

पलंगाखाली ठेवूच नका, भुंगेरा निघाला तर पलंग जाईल आणि तुम्ही पण. जिन्याखाली किंवा बाल्कनीत विटांवर फळी, त्यावर प्लास्टिकच्या जाळीदार क्रेट, भाजीवाल्याकडचे मिळतात. वरून पत्रा, बाजू उघड्या. बंद पिशवीत भरू नका, जुलैत हिरवी बुरशी येते, आणि बुरशी आलेला ठोकळा मी खरवडून वापरत नाही, बंबात टाकतो. वजन आता वाढेल, घाबरू नका. माझा ४१६ चा ठोकळा ऑगस्टमध्ये ४५० ला जातो, तेवढी ओल चालते, उलट कमी भडकतो. त्या दिवसांत ड्रम तापत असताना झाकणावर चार ठोकळे ठेवून द्यायचे, तासाभरात जागेवर येतात.

वांग्याबद्दल आई बरोबर आहे. मटण काढल्यावर सगळी भोकं उघडा, वांगी सरळ कोळशावर टाका.

मी शनिवारी गावाला चाललो. तीन झाडं अजून पडून आहेत. कोणाला पोतंभर पाहिजे असेल तर इथंच सांगा, पण पोतं आपापलं आणा, मागच्या वर्षी नेलेली सहा पोती अजून परत आली नाहीत.